गोळी आधी, भाकर नंतर

बीडच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत माझी खानावळ आहे. पोरं तिला मेस म्हणतात. खानावळ म्हटलं की तीच भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. ही पोरं म्हणजे क्लासवाली पोरं. गेवराई, वडवणी, पाटोदा, कुठून कुठून येतात, एका खोलीत चौघं-पाचजण कोंबून राहतात, भिंतीला नकाशे चिकटवतात आणि वर्षानुवर्षं भरतीची तयारी करतात. पोलीस म्हणा, तलाठी म्हणा, वनरक्षक म्हणा, निघेल त्या जागेची. नवरा गेल्यापासून मी यांना जेवू घालते आहे. जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ, पण स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायचं लक्षात राहत नाही, अशी इतकी माणसं एका जागी मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

तोही त्यांच्यातलाच एक होता. आईबाप नसलेला, गेवराईकडचा. भावानं बीडला धाडला होता. पहाटे मैदानावर धावायचा, दुपारी माझ्याकडे जेवायचा, तेव्हाही पुस्तक मांडीवर. ताट मात्र स्वतः उचलायचा, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला. मग एका सणाला मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून गावी निघाला आणि गेवराईच्या अलीकडे वाळूच्या हायवानं, म्हणजे मोठ्या टिपरनं, दोघांना उडवलं. मित्र जागेवर गेला. याच्या कवटीचं ऑपरेशन झालं. हायवा कुणाचा होता हे आख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं आणि रस्त्यावरच्या एकानंही तो पाहिला नव्हता. आमच्याकडे वाळूच्या गाड्या अशाच अदृश्य चालतात.

पुढचं सगळं मला त्याच्या भावानंच फोनवर सांगितलं, तेही फार नंतर, मी पिच्छा पुरवल्यावर. घरी नेल्यावर हा पाण्याची मोटार चालू करायचा आणि विसरायचा. गॅस पेटवायचा आणि विसरायचा. मध्येच फिट यायची. भावजय लेकराला त्याच्याजवळ ठेवायला भ्यायची. तिला मी बोल लावत नाही. पण त्या भावानं काय करावं? एके दिवशी याला एसटीत बसवलं आणि सांगितलं, बीडला जा, मोठ्या दवाखान्यात दाखव आणि परत ये. म्हणजे ज्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही त्याला एकट्याला धाडला, आणि वर मला म्हणतो, "मावशी, आमी वाट बगितली, त्योच आला न्हाई." एवढा विचार करणारं डोकं घेऊन तो भाऊ सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो आणि निवडून येतो.

बीडला उतरल्यावर कशासाठी आलो हे तो विसरला. पायांना जुनी खोली माहीत होती. तिथं दुसरीच पोरं राहत होती, त्यांनी दार लावून घेतलं. जेवणाची वेळ होती, म्हणून पाय माझ्याकडे वळले.

दारात उभा राहिला. डोक्यावर कानापासून वर गेलेला व्रण, त्यावर केस नाहीत, शर्टाची बटणं वरखाली. म्हणाला, "मावशी, आज काय भाजी हाय?" जणू कालच जेवून गेला होता. मी वांगं वाढलं. जेवला, ताट उचललं, गेला. थोड्या वेळानं पुन्हा दारात. "मावशी, आज काय भाजी हाय?" मला वाटलं चेष्टा करतोय, मी झापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मिशीला माझ्याच वांग्याचा रस्सा लागलेला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

तेव्हापासून तो बसस्टँडवर राहू लागला. मी त्याला घरात का नाही घेतला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. विचारणाऱ्यांत स्वतःच्या घरात दोन खोल्या रिकाम्या असलेलेही आहेत. माझ्याकडे एक स्वयंपाकघर, एक जेवायची खोली आणि डोक्यावर घरमालक. तरी ओसरीवर झोपवून पाहिला. रात्री जाग आली की आपण कुठं आहोत हे त्याला कळायचं नाही, मग घाबरून पळायचा. स्टँडवर चोवीस तास उजेड आणि गाड्यांचा आवाज, तिथं तो शांत झोपायचा. निवाऱ्याची सोय शोधायला गेले तर त्याचं आधार कार्ड मागितलं. भावाकडे असेल म्हणाले, घेऊन या. भाऊ म्हणाला, सापडत न्हाई.

स्टँडवर राहणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. त्याच्या टाचेत खिळा घुसला होता आणि तो दिवसभर त्याच्यावर चालत होता. दुखायचं, बसायचा, पाय बघायचा, उठेपर्यंत विसरायचा आणि पुन्हा चालायचा. मी पाय हातात घेतला तेव्हा तो पिकून हिरवा झाला होता. उन्हात बसला की सावलीत जायचं लक्षात येत नसे. पाणी कुठलंही प्यायचा. त्याच्यासारखी आणखी दोघं-तिघं तिथं होती, सगळी विशीतली. कुणी घरातून हाकललेला, कुणी रुमालात पंक्चरचं सोल्यूशन ओतून नशेसाठी हुंगणारा. लोक त्या सगळ्यांना एकाच नजरेनं बघत. तरणीताठी आहेत, हातपाय धड आहेत, काम करायला काय होतंय? पाय मोडलेल्या म्हाताऱ्याला आमचं गाव नाणं तरी टाकतं. डोकं मोडलेल्या तरण्याला उपदेश देतं, कारण उपदेशाला खिशात हात घालावा लागत नाही.

याच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. गावाला गंमत, मला नाही. अपघाताच्या आधी पाठ केलेलं सगळं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. नवं मात्र काही शिरत नव्हतं. चहाच्या टपरीवर क्लासची पोरं त्याला गाठायची. "सांग बे, सगळ्यात लांब नदी कोणती?" तो सांगायचा. "घटनेचं अमुक कलम काय?" तेही सांगायचा, घडाघडा, डोळे मिटून. मग कुणीतरी विचारायचं, "आन् आज वार कोणता?" तो थांबायचा. इकडे बघायचा, तिकडे बघायचा, ओशाळा हसायचा. पोरं पोट धरून हसायची. खेळ संपला की त्याला गुटख्याची पुडी.

आणि निष्कर्ष काय निघाला? की हा नाटक करतो. एवढी कलमं सांगणाऱ्याला वार सांगता येत नाही म्हणजे काय. टपरीवाल्याचं हेच मत, स्टँडवरच्या पोलिसाचं हेच, आणि मी त्याला अपंगाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत घेऊन गेले तिथल्या साहेबाचंही हेच. साहेबांनी त्याला दोन प्रश्न विचारले. दोन्ही नेमके पुस्तकातले. यानं खाडकन उत्तरं दिली. साहेब खूश. मला म्हणाले, "बाई, हा तर तुमच्याआमच्यापेक्षा शहाणा हाय." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही त्याला काय विचारलं ते आता त्यालाच विचारा." साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर आलो तर हा मला विचारतो, "मावशी, आपण हितं कावून आलतो?"

फिटा मात्र नाटकात बसत नव्हत्या. पहिली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, माझ्याच दारात. सरकारी दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या ते स्वच्छ बोलल्या. गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. चुकली तर फिट येईल, लागोपाठ आल्या तर मेंदूत जे शिल्लक आहे तेही जाईल, नाहीतर जीव. मी म्हटलं, याला लक्षात राहत नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही ठेवा.

मी ठेवलं. पण लक्षात ठेवणं माझ्या हातात होतं, त्याला हुडकणं नव्हतं. गोळीच्या वेळी तो कुठल्याही फलाटावर, कुठल्याही गाडीच्या मागे असायचा. हातात पुडी दिली तर ती खिशात विरघळायची. मनगटाला दोरा बांधून पाहिला, तो दोरा कशाचा हेच विसरायचा. मग मला माझ्याच धंद्यातली गोष्ट सुचली. माणूस सगळं विसरतो, भूक विसरत नाही. तिला आठवण ठेवावी लागत नाही. त्याच्या पायांना माझं दार माहीत होतं आणि पोटाला वेळ माहीत होती. म्हणून मी नियम केला. दारात आला की आधी तळहातावर गोळी, मग पाणी, मग ताट. गोळी न घेता ताट नाही. तो रडला तरी नाही, चिडला तरी नाही. पहिल्या दिवसांत तो माझ्यावर ओरडायचा, शेजारपाजारच्या बायका दारात येऊन बघायच्या, की बाई किती कठोर, भुकेल्याला तंगवते. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

महिने गेले. आणि एक दिवस तो दारात आला, काही न बोलता उजवा हात पुढं केला. तळवा वर. का पुढं केला हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारलं तर हसला. पण हात पुढं आला होता. मेंदूला जे जमलं नाही ते हाताला जमलं. त्या दिवशी मला झालेला आनंद माझा मुलगा नोकरीला लागला तेव्हाही झाला नव्हता, हे मी मुलाला सांगितलेलं नाही. फिटा थांबल्या. चेहऱ्यावर जरा मांस आलं. कधी कधी तो मला कांदे निवडून द्यायचा.

आणि मग भाऊंचा वाढदिवस आला.

हे भाऊ कोण ते सांगायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात असे एकदोन पुढारी असतातच. यांच्या फ्लेक्सवर नावाच्या आधी 'भावी' लिहिलेलं असतं, आणि ते इतकी वर्षं लिहिलेलं आहे की ते त्यांचं आडनाव वाटावं. त्यांच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं की यंदा केक नको, डीजे नको, समाजोपयोगी काहीतरी. म्हणून अन्नदान सप्ताह. देवाचा सप्ताह आमच्याकडे गावोगाव होतो, सात दिवस भजन, सात दिवस पंगत. तोच घेतला, त्यातला देव काढला आणि भाऊंना बसवलं. स्टँडला लागून मोकळ्या जागेत मांडव पडला. दोन्ही वेळेला पुरी, वांग्याची भाजी, भात, वरण आणि बुंदी. बेघर, निराधार, प्रवासी, कुणीही या.

पहिल्या दिवशी तो माझ्याकडे आला नाही. मी समजले काय झालं ते. चुलीवरचं तसंच टाकून मांडवात गेले. तो ओळीत मांडी घालून बसलेला, समोर पत्रावळ, गालात बुंदी. मी गोळी पुढं केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं. त्याला काहीच जुळेना. माझं दार नव्हतं, रिकामं पोट नव्हतं, हात पुढं येईना. म्हणाला, "आत्ता नको मावशी, जेवायलोय." मी त्याच्या तोंडात घालायला गेले, त्यानं थुंकली. मी दंडाला धरून उठवायला लागले तसा सगळा मांडव माझ्यावर उलटला.

आमच्याकडे पंगतीत बसलेल्या माणसाला उठवत नाहीत. चोर बसला तरी उठवत नाहीत. अन्नाचा अपमान होतो, यजमानाला पाप लागतं. मीही हेच ऐकत मोठी झाले आहे आणि माझ्या पंगतीत मीही कुणाला उठवलेलं नाही. वाढणाऱ्यांचा म्होरक्या पांढऱ्या शर्टातला एक कार्यकर्ता होता. तो माझ्याच मेसमध्ये जेवून मोठा झालेला. भरतीत चारदा पडला आणि मग भाऊंच्या गाडीत बसला.

"मावशी, तुमी कावून चिडायलात? बिचारा जेवायलाय, जेवू द्या की."

"जेवू दे. आधी गोळी घेऊ दे."

"आवो, पंगतीतनं माणूस उठवायचा आसतो का? तुमी तर सोमवार धरता, कपिलधारला जाता. तुमाला काय सांगावं."

मी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. गोळी कशाची, चुकली तर काय, भुकेवर का बांधली. तो मान डोलवत होता आणि त्याची नजर बुंदीच्या पातेल्याकडे होती. शेवटी मी म्हटलं, "याला एक वेळ तरी उपाशी माझ्याकडे धाड." त्यानं दोन्ही कानांना हात लावले. भाऊंच्या मांडवातून माणूस उपाशी धाडायचा, हे त्याच्यानं व्हायचं नव्हतं. मागून कुणीतरी बोललं, की मावशीची भांडी घासायला फुकटचा गडी मिळाला होता, तो गेला म्हणून जळतेय. कांदे निवडण्याची ही किंमत.

"बरं," मी म्हटलं, "मग तू दे. पुरी वाढायच्या आधी तळहातावर गोळी ठेव. हात आपोआप तोंडाकडं जाईल."

"द्या की. आमी हाय ना मावशी. तुमी टेन्शनच घेऊ नका."

त्यानं गोळ्यांचं पाकीट प्रसादासारखं कपाळाला लावलं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कपाळाला लावलेली वस्तू आमच्याकडे पोटात जात नाही. पण त्याचं डोकं धड होतं. त्याला वार कळत होता.

मांडवाचा स्वतःचाही एक नियम होता. ताट हातात आलं की लगेच खायचं नाही. ताट छातीशी धरायचं, मागे भाऊंचा फ्लेक्स येईल असं बसायचं, हसायचं, मग मोबाईलवाला फोटो काढून म्हणेल, "हां, चालू करा." जो हसत नसे त्याला, "हस की बे, मयताला आलास का?" म्हाताऱ्या बायकांनासुद्धा हसायला लावत. हा मात्र त्यांचा लाडका. देखणा, तरणा, डोक्यावर व्रण. दोन्ही वेळेला त्याचा फोटो. मी रोज चक्कर मारत होते. पांढरा शर्ट लांबूनच अंगठा वर करायचा. गोळी दिली का, तर अंगठा. माझ्याकडेही दोन्ही वेळेला पोरांची पंगत, मी अंगठ्यावर विश्वास ठेवून परत फिरायची.

शेवटच्या दिवशी स्वतः भाऊ येणार होते. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की काल ज्याला अन्न मिळत नव्हतं तोच आज अन्न वाढतोय, असा व्हिडिओ करायचा. त्याला भाऊंच्या चेहऱ्याचा टीशर्ट घातला, हातात उकळत्या वरणाची बादली दिली आणि ओळीतून चालवला.

माझ्याकडचा एक मुलगा धावत सांगत आला. मी पोचले तेव्हा तो जमिनीवर होता आणि वरण त्याच्या अंगावर. उजवा हात कोपरापर्यंत, मांडी. अंग अजून झटके देत होतं. एकानं त्याच्या नाकाला चप्पल लावली होती. दुसऱ्यानं मुठीत किल्ल्या कोंबल्या होत्या. तिसरा कांदा फोडत होता. चौथा म्हणाला, पिऊन आलाय. उरलेल्यांचे मोबाईल वर होते. भाऊंची गाडी चौकापर्यंत येऊन वळली, असं नंतर कळलं. त्याच्या हातावर थंड पाणी ओतायचं, त्याला कुशीवर वळवायचं, एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं. ते मी केलं, आणि करताना माझ्या तोंडातून ज्या शिव्या गेल्या त्या ऐकून माझी पोरं आठवडाभर माझ्याशी अदबीनं वागली.

रिक्षात घालताना मी पांढऱ्या शर्टाला विचारलं, "गोळ्या?"

त्यानं कपाळावर हात मारला. गाडीतून पाकीट आणलं. एकही गोळी निघालेली नव्हती. "मावशी, गडबडीत राहूनच गेलं बगा." सात दिवस. डोक्याला मार लागलेला नाही, कवटी उघडलेली नाही, रात्री घरी गादीवर झोपतो, आणि राहून गेलं. मला त्याची किळस आली. अजून येते. तो रस्त्यात दिसला की नमस्कार करतो, मी घेत नाही.

दवाखान्यात त्या दिवशी आणि त्या रात्रीही फिटा येत राहिल्या. एक संपली की दुसरी. तो जगला. हाताची कातडी हळूहळू धरली, बोटं मात्र पुरती उघडत नाहीत. मधे एकदा पांढरा शर्ट चौघांना घेऊन फळं घेऊन आला होता. मी पिशवी खिडकीतून टाकली नाही, एवढीच माझी चूक.

बाहेर आल्यावर टपरीवर पोरांनी त्याला जुनाच प्रश्न विचारला, सगळ्यात लांब नदी कोणती. तो त्यांच्याकडे बघत राहिला. दुसरा विचारला, तिसरा विचारला. काही नाही. राजधान्या गेल्या, कलमं गेली, सगळं गेलं. आता गावाची खात्री पटली की हा नाटक करत नव्हता. टपरीवाला तर हळहळला.

माझं दारही गेलं. भूक लागली की त्याचे पाय आता मांडवाच्या जागेकडे जातात. तिथं मांडव नाही, फ्लेक्सही उतरला, खड्डे तेवढे आहेत. तो तिथंच, त्याच जागी, मांडी घालून बसतो आणि वाट बघतो. पोरांची पंगत अर्धी सोडून मी दोन्ही वेळेला भाकरी घेऊन तिथं जाते. घरपोच डबे पोचवणाऱ्या बायकांना मी जन्मभर नाकं मुरडली, आता मीच ती.

पहिले दिवस फार वाईट गेले. ताट पाहिलं की घ्यायचा, पण गोळी दाखवली की ओठ घट्ट. खायचाही नाही. भाकरी छातीशी धरून तसाच बसायचा, पाठ ताठ, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हसायचा. मी चिडले, समजावलं, तोंड दाबून पाहिलं. तो हसतच राहिला, डोळ्यांत पाणी आलं तरी हसू तसंच. पोट खपाटीला गेलेलं, हातात गरम भाकरी, आणि तो खात नाही. मला वाटलं उरलंसुरलंही गेलं. मग माझ्या लक्षात आलं की तो कशाची तरी वाट बघतोय, आणि कशाची तेही आलं. त्याला हात पुढं करायला शिकवायला मला महिने लागले होते. मांडववाल्यांना सात दिवस पुरले.

माझा फोन बटणांचा आहे, त्याला फोटो निघत नाही. तो मी त्याच्यासमोर वर धरते आणि म्हणते, "हां, चालू कर." मग तो तोंड उघडतो, आणि मी गोळी घालते.